पाठमोरी

हँडल दिग्दर्शकाच्या हातात आलं आणि दार मात्र जागच्या जागी राहिलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी आधी काय केलं असेल, तर पोट धरून हसलो. दिग्दर्शक ते हँडल बक्षीस मिळाल्यासारखं धरून उभा होता आणि आता भाषण करावं की खाली बसावं हे त्याला कळत नव्हतं. सकाळपासून आम्ही बुडत होतो. समुद्र शहरात शिरतो, रस्त्यांवरून, मग दुकानांतून, मग उंच इमारतींच्या जिन्यांतून वर वर चढत जातो, असा तो परदेशी चित्रपट, आणि त्यातली माणसं आमच्या भाषेत बुडावीत म्हणून आम्हाला बोलावलेलं. नायक-नायिकांचे आवाज मोठी माणसं वेगळी येऊन देऊन जातात. आम्ही गर्दी. "पळा पळा", "अगं बाळ कुठंय", "देवा रे", आणि नुसत्याच किंकाळ्या. लांबच्या, जवळच्या, पाण्याखालच्या. पाण्याखालची किंकाळी तोंडावर तळहात दाबून द्यायची असते. मी घरी पोचले की आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारतात, "आज किती वेळा मेलीस?" मी म्हणते, "दोनदा बुडाले, एकदा छत पडलं." मग ते "बस जरा, दमली असशील" म्हणून स्वतः उठून चहा ठेवतात. एवढं सुख दुसऱ्या कुठल्या नोकरीत मिळालं असतं असं मला वाटत नाही.

खोली लहान, भिंतींना गादीसारखं अस्तर, खाली जाड गालिचा, एका बाजूला दुहेरी काच आणि काचेपलीकडे यंत्रांची खोली. बाहेरचा आवाज आत येऊ नये आणि आतला बाहेर जाऊ नये यासाठी ज्यानं ती बांधली त्यानं काम चोख केलं होतं. आत आम्ही चौघं आणि पाचवा दिग्दर्शक. आजोबांनी आयुष्य नाटकात काढलेलं. आता चार दात कमी असल्याने 'स' जरा निसटतो, पण त्यांच्यासारखं धाडकन पडून कुणाला मरता येत नाही. भूकंप म्हणजे एक अवाढव्य गृहस्थ, ज्यांचा आवाज इतका खोल की इमारत कोसळायच्या आधीची घरघर तेच काढतात. एरवी इतके भिडस्त की लिफ्टमध्ये सगळ्यांना आधी जाऊ देता देता स्वतः जिन्याने येतात. आणि रडूबाई, नवीन आलेली मुलगी. हुंदका सांगा, मुसमुस सांगा, ढसाढसा सांगा, मागाल तसं रडून देते आणि नाक पुसत विचारते, "चाललं का?" चांगली पोरगी. मला ती अजिबात आवडत नव्हती.

कारण असं, की इतक्या वर्षांच्या गर्दीनंतर मला पहिल्यांदा स्वतःचं असं एक वाक्य मिळालं होतं. पाणी जिन्यात शिरतं, सगळे वर धावतात, आणि पिवळ्या कोटातली एक बाई पुढच्या म्हाताऱ्याला कोपराने ढकलते आणि म्हणते, "बाजूला हो, म्हाताऱ्या!" बस. मग ती पाठमोरी वर चढत जाते, माणसांचा लोंढा मध्ये येतो, आणि पुढे ना ती दिसते ना तो. कथेनं दोघांना तिथेच सोडून दिलंय. म्हाताऱ्याचा आवाज आजोबांचा, बाईचा माझा. आणि सकाळपासून ते वाक्य माझ्या तोंडून असं येत होतं, की जणू मी म्हाताऱ्याला खिडकीजवळची जागा देतेय. "ताई," दिग्दर्शक काचेपलीकडून म्हणाला होता, "तुम्ही त्याला ढकलताय. विचारपूस नाही करत आहात." पुन्हा टेक. पुन्हा विचारपूस. शेवटी तो स्वतः आत आला, करून दाखवायला. माझ्या मुलाच्या वयाचा तो, पण माणसाबद्दल त्याचं मत ठाम. "साधं आहे ताई. संकट आलं की माणसाचं सालपट निघतं. आत जनावर असतं. ते जनावर द्या मला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत नाही जमलं तर मग..." आणि त्याने रडूबाईकडे पाहिलं. रडूबाईने गालिच्याकडे पाहिलं. यंत्रवाला तेवढ्यात माईक बंद करून जेवायला गेला होता. दिग्दर्शकाने "विचार करा" म्हणत तोऱ्यात दार ओढलं, आणि हँडल हातात.

आता गंमत बघा, माणूस मुळातून बिघडलेला आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. दर रविवारी चर्चमधल्या मुलांना मी तेच शिकवते. फळ्यावर पहिल्या पापाचं फळ म्हणून एक सफरचंद काढते, शास्त्रात सफरचंद म्हटलेलं नसलं तरी, कारण मला तेवढंच काढता येतं. पण शिकवणं वेगळं आणि कोपर मारणं वेगळं. आमचे बाबा चर्चमधल्या वडीलमंडळींपैकी, सिनेमाला सैतानाचा दिवाणखाना म्हणणारे, पण पुराचा एक सिनेमा लागला तेव्हा मला घेऊन स्वतः गेले. "आपल्या विषयावरचा आहे, तपासायला हवा," म्हणाले. पहिल्या रांगेत, टोपी मांडीवर. मी लहान होते. मला आठवतो तो पडद्यावरचा हिरवट पाण्याचा डोंगर आणि त्या उजेडात बाबांचं अर्धं उघडं तोंड. परतताना आम्ही चालतच निघालो. मग म्हणाले, "यांच्या पुरात वाईट माणसं बुडतात आणि चांगली वाचतात. सोपं काम आहे." पुढच्या चौकात म्हणाले, "आपल्या शास्त्रातल्या पुरात तारवातला म्हातारा वाचला ना? आणि उतरल्यावर काय केलं त्यानं? द्राक्षं लावली, प्यायला, आणि तंबूत उघडावाघडा पडला. सिनेमावाले डोंगरावर सूर्य उगवला की कॅमेरा बंद करतात. देव बंद करत नाही." आमचं दार आलं तेव्हा किल्ली शोधता शोधता स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाले, "आणि तरी देवानं धनुष्य ठेवलं ढगात, पुन्हा बुडवणार नाही म्हणून. माणूस सुधारला म्हणून नव्हे हं. सुधारला नाही, हे बघून." मला तेव्हा फक्त भूक लागली होती. पण काही वाक्यं पोटात तशीच पडून राहतात, न पचलेली, आणि मग कधीतरी एखादं हँडल तुटतं.

हसून झाल्यावर आम्ही जरा दार ढकललं. दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे ढकलून उपयोग नाही हे भूकंपांनी खांदा लावल्यावर लक्षात आलं. मोबाईल बाहेर टोपलीत, नियमच आहे तसा, मध्येच वाजायला नकोत म्हणून. मग आम्ही ओरडलो. आणि काय ओरडलो! धंदेवाईक माणसं. रडूबाईने दिलेली किंकाळी एरवी दहा हजार लोकांच्या शहराला पुरली असती. अस्तराने ती गिळली, ढेकरही दिला नाही. तेवढ्यात काचेपलीकडच्या खोलीत झाडूवाल्या बाई आल्या. आम्ही काचेवर हात आपटले, गळा धरून दाखवला, दाराकडे बोटं केली, आजोबांनी तर छातीवर हात ठेवून गुडघेच टेकले. बाई झाडता झाडता थांबल्या. कौतुकाने बघत राहिल्या. आम्हाला त्या नेहमी असंच बघतात, रोज आम्ही असेच मरतो. दिग्दर्शक हँडल उंच धरून नाचवत होता, तेही त्यांना आवडलं असावं. त्यांनी अंगठा वर करून दाखवला, फार छान, म्हणून, आणि वीज वाया जाऊ नये म्हणून जाताना तिकडचा दिवा आणि त्याच बटणावरचा आमचा पंखा बंद करून गेल्या.

मग मात्र खोलीचा आवाज बदलला. म्हणजे आवाज नव्हताच, तोच बदलला. हवा जराशी जाड झाली, पाच माणसांच्या श्वासांची, आणि गालिच्याचा जुना वास वर आला. मी आमच्याकडे पाहत होते, पडद्यावर पाहावं तशी. सिनेमात एव्हाना एक पुढारी तयार झाला असता, एक फितूर, आणि एका जोडप्याने प्रेम कबूल केलं असतं. आमच्यात तसं काही होईना. दिग्दर्शक दर थोड्या वेळाने "यंत्रवाला येईलच" म्हणत होता, जणू ते वाक्यही त्याला नीट जमेपर्यंत टेक देतोय. भूकंप आपण हवा जास्त घेतो म्हणून सगळ्यांची माफी मागत कोपऱ्यात अंग चोरून बसले. रडूबाईला हुंदका आला, खराखुरा, आणि तो तिच्या कामातल्या हुंदक्यापेक्षा इतका साधा आणि किरकोळ होता की तिचं तिलाच हसू फुटलं. "हा घेतला नसता कुणी," ती म्हणाली. ना जनावर, ना वीर. कुणी कुणाला ढकलायचं, तर कुठे ढकलायचं?

आणि मग आजोबा चिडले. एकदम, काही कारण नसताना. "काय लावलंय येईल येईल! गप बस की जरा!" दिग्दर्शकावर. आम्ही चकित झालो. आजोबा पोऱ्यालासुद्धा अहो-जाहो करणारे. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळावर घाम डवरलेला, बोटं थरथरत होती, आणि 'स' नव्हे, सगळीच अक्षरं निसटायला लागली होती. माझी आई अशीच चिडायची. "आजोबा, इंजेक्शन घेतलंत का आज?" "घेतलं... जेवणाआधी... डबा बाहेर." साखर उतरत होती. डबा काचेपलीकडे खुर्चीवर, आमच्याकडच्या उजेडात, दिसतही होता, निळ्या झाकणाचा, आपल्याकडे बघत असल्यासारखा. "कुणाकडे काही गोड आहे का?" दिग्दर्शक म्हणाला. "माझ्याकडे तर नाहीच." खाणं आत आणायला बंदी त्याचीच. "नाही बाबा," रडूबाई म्हणाली. भूकंपांनी मान हलवली. आणि मी म्हणाले, "नाही."

म्हणाले, म्हणजे निघून गेलं तोंडातून. पहिल्याच टेकमध्ये, अगदी सिंकमध्ये, ओठाला शब्द जुळून. माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालाच्या गाठीत, घशाच्या गोड गोळ्या होत्या. कागद सोलून बांधलेल्या, कारण कागद माईकजवळ चुरचुरतो आणि पकडलं जातं. सकाळी रडूबाईने घसा धरून विचारलं होतं, "ताई, गोळी आहे का हो तुमच्याकडे एखादी?" आणि मी म्हटलं होतं, "संपल्या गं." तिचा घसा बसला तर माझं वाक्य माझ्याकडे राहील असा हिशेब मी केला नव्हता. केला नव्हता असं मी म्हणते आहे; आतल्या कप्प्यात कोण काय करत असतं याची मी खात्री देत नाही. आता गोळ्या काढायच्या म्हणजे त्या पोरीसमोर काढायच्या. एवढंच होतं मध्ये. पाणी नाही, आग नाही, फक्त एका मुलीच्या भुवया वर जातील ते. आणि त्या भुवयांसाठी मी एक श्वास थांबले, दुसरा थांबले, आणि समोर एका म्हाताऱ्या माणसाची बोटं गालिच्याचे दोरे उपटत होती. मला वाटलं, हळूच देता येईल. कुणी न बघता. म्हणून मी पर्स मांडीवर ओढली, दोन्ही हात आत घातले आणि खाली मान घालून डोळे मिटले.

झालं काय, की मी चर्चला जाणारी हे सगळ्यांना ठाऊक. मी मान खाली घातली तशी भूकंपांनीही घातली. दिग्दर्शकाने, ज्याचा माणसाच्या आतल्या जनावरापलीकडे कशावरही विश्वास नाही, हँडल खाली ठेवून हात जोडले. खोलीत अशी शांतता पसरली की तिला माईक लावावा. आणि मी पर्सच्या अंधारात त्या गाठीशी झटत होते. स्वतः मारलेली गाठ, पक्की, चुरचूर होऊ नये म्हणून दोनदा आवळलेली. नख मोडलं. गाठ सुटेना. घाम माझ्या नाकावरून पर्सवर पडला आणि रडूबाई कुजबुजली, "रडतायत ताई." तेव्हा माझ्या आतून, कुठल्याही पाठ केलेल्या प्रार्थनेतून नव्हे, साधं निघून गेलं: प्रभो, ही मेली गाठ सोड. ही बघ मी. पिवळ्या कोटातली. मलाच आधी वर जायचंय, कायमच, अगदी गोळीएवढ्या जिन्यावरूनसुद्धा. सोडव. "आमेन," भूकंप म्हणाले, त्यांच्या त्या पाताळातल्या आवाजात, बहुतेक मी फारच लांबवलं असं वाटून. आणि मी रुमाल तसाच, गाठीसकट, सगळ्यांच्या देखत बाहेर काढला आणि दातांनी फाडला.

"चावून खा, आजोबा. चघळू नका, चावा." दोन, मग आणखी दोन. रडूबाईच्या भुवया वर गेल्या की नाही मला माहीत नाही, कारण मी पाहिलंच नाही. पण एक चमत्कारिक गोष्ट झाली. भूकंप खाकरले, आणि मोज्यातून, खरंच मोज्यातून, बिस्किटांचा पुडा काढला. "मघाशी... म्हणजे... विसरलोच होतो," ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. मग दिग्दर्शकाने आतल्या खिशातून अर्धं खाल्लेलं चॉकलेट काढलं, वितळून कागदाला चिकटलेलं, आणि आजोबांच्या ओठाशी धरलं, आपण लहान मुलाला धरतो तसं, स्वतःचंही तोंड उघडून. आमच्या पाळकसाहेबांना पाच भाकरींत हजारो जेवल्याच्या गोष्टीचा हा अर्थ मुळीच चालत नाही, की लोकांनी आपापल्या पिशव्यांतलं बाहेर काढलं म्हणून सगळ्यांना पुरलं. "त्यात मग चमत्कार कुठला?" म्हणतात. मी त्यांना एकदा त्या खोलीत कोंडणार आहे. पिशवी उघडायला काय लागतं ते त्यांनी बघावं. रडूबाईकडे मात्र खरंच काही नव्हतं. आम्हा चौघांत एकटी तीच खरं बोलली होती. ती गुडघ्यांवर पुढे आली, आजोबांचा घाम आपल्या ओढणीने पुसला आणि तशीच माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, सकाळी फार खवखवत होतं हो." रागाने नाही. नुसतं सांगितल्यासारखं. मी तळहात पुढे केला. शेवटच्या दोन होत्या. तिने एक उचलली, गालात सरकवली, आणि दुसरी माझ्याकडेच ढकलली. "खा. तुमचं वाक्य राहिलंय अजून."

आजोबांना हळूहळू रंग आला. पहिलं वाक्य त्यांनी दिग्दर्शकाला म्हटलं, "अहो, मघाशी मी तुम्हाला अरे-तुरे केलं का? माफ करा हं." तेव्हा आम्हाला कळलं की आता बरं आहे. मग यंत्रवाला आला, दात कोरत, दिवा लावला, आम्ही पाचहीजण गालिच्यावर गोल करून बिस्किटं खातोय हे काचेतून पाहिलं आणि आधी रागावला, आत खाणं आणलं म्हणून. भूकंपांनी हँडल दाखवलं. दार बाहेरून इतकं सहज उघडलं की आम्हाला जरा वाईटच वाटलं.

आजोबांनी डबा खाल्ला, सावकाश, शेवटचा घास संपेपर्यंत आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत बसलो होतो. घरी जा म्हटलं तर ऐकेनात. "मला अजून ढकलायचं राहिलंय यांनी." दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं, मग रडूबाईकडे. "सुट्टी झालीये," तो म्हणाला. बोलला होता तसं आता वाक्य तिचं व्हायचं. रडूबाई पाण्याचा पेला घेऊन काचेच्या पलीकडे जाऊन बसली आणि तिथून तिने खांदे उडवले. "माझा घसा खवखवतोय, सर," ती म्हणाली. इतकं वाईट खोटं बोलताना मी कुणाला ऐकलं नाही, आणि ती आमच्यातली सगळ्यात गुणी नटी आहे.

दिवा मंद झाला. पडद्यावर पुन्हा ते पाणी, जिना, पिवळा कोट. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला जनावर कुठे दिसेना. मला तिची पर्स दिसली, खांद्याला, दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. सकाळपासून इतक्या वेळा पाहिलं आणि ती पर्स मला दिसली नव्हती. काय असेल तिच्यात? "बाजूला हो, म्हाताऱ्या!" ते असं बाहेर आलं की शेजारच्या माईकवर आजोबा खरंच दचकले. दुष्टपणा नव्हता त्यात. घाबरलेली, हट्टी, साधी घाई होती, माझीच, ओळखीची. आजोबांनी "आई गं" म्हटलं, लिहिलेलं होतं तेवढंच. आता बाई पाठमोरी झाली, पायऱ्या चढायला लागली. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मोकळेपणा हा, की पाठमोऱ्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. त्याच्या तोंडी काहीही घालता येतं. कॅमेरा तिला सोडून देण्याच्या बेतात होता, आणि मला बाबा आठवले, किल्ली शोधताना. लोंढा मध्ये यायच्या आत एक श्वासाएवढी जागा होती. "हात द्या!" मी ओरडले. "द्या ना हात, चला!" आणि शेजारून, डबा जेवून भरल्या आवाजात, एकही अक्षर न निसटता आलं, "आलो. आलो गं बाई, ओढ." मागून भूकंपांनी धापा दिल्या, दोन माणसांच्या, वर वर जाणाऱ्या.

पडद्यावर लोंढा येऊन गेला. हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा श्वास ऐकू येत होता.

"ताई, शेवटी काय म्हणालात?"

"पाठमोरी आहे ती."

"मूळ चित्रपटात नाहीये ते."

"मूळ चित्रपटात तिचं तोंड दिसत नाहीये."

काचेपलीकडे त्याच्या हनुवटीला अजून चॉकलेट लागलेलं होतं आणि ते कुणी त्याला सांगितलं नव्हतं. यंत्रवाल्याचं बोट बटणावर थांबलेलं, पुसू की ठेवू. रडूबाई गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत होती. मागच्या दारातून झाडूवाल्या बाई बादली घ्यायला आत आल्या, काचेतून आम्हा तिघांना माईकपाशी धापा टाकत उभं पाहिलं, आणि बादली खाली ठेवून त्यांनी अंगठा वर केला.

"ठेव," दिग्दर्शक म्हणाला. "पुढचं."